काउंटरची दोन टोकं

"फ्रान्सिस, तू बहारीनला नेमकं काय करायचास?" असं आमच्या वाडीत मला अजून कोणी विचारलं, तर मी तोंड उघडायच्या आत माझी बायको रेजिना सांगते, "हॉटेलात होते." ते खोटं नाही. आईने मात्र चर्चमधल्या बायकांना "किचनचं बघतो" असं सांगून ठेवलं होतं आणि ती जाईपर्यंत तेच चाललं. खरं म्हणजे मी बारमन होतो. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर वसईहून गेलो आणि ऐंशीचं दशक सरत आलं तोवर राजधानी मनामातल्या एका हॉटेलच्या तळमजल्यावर, एका इंग्लिश पबमध्ये, इंग्रजांना बिअर पाजत उभा राहिलो. नाताळच्या अंकात दारूवाल्याचं काय काम, असं मी संपादकांना म्हटलंही. ते म्हणाले, "लिहा तुम्ही, फादरांना विचारलंय."

तर आधी पब म्हणजे काय ते सांगतो, कारण आपल्याकडे बार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही येतं. आमच्या पबला एकही खिडकी नव्हती. बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ व्हावं इतकं ऊन, आणि आत काळ्या रंगाच्या तुळया लावलेली खोली. तुळया प्लास्टरच्या. भिंतीत एक शेकोटी होती, तिच्यात लाकडांच्या जागी लाल बल्ब जळायचा. दारावरच्या पाटीवर एक मेंढी रंगवलेली होती, म्हणून टॅक्सीवाले आमच्या हॉटेलला "खरूफ", म्हणजे मेंढी, एवढंच म्हणायचे. रमजानमध्ये पबला कुलूप असे. तो महिना आम्ही लाकडाला पॉलिश करण्यात आणि पितळेच्या वस्तू घासण्यात घालवायचो.

पब चालवणाऱ्या मिसेस हिल्डा यॉर्कशायरच्या. हा इंग्लंडच्या उत्तरेकडचा जुना, मोठा मुलूख. एका बाजूला मेंढ्यांची कुरणं, दुसऱ्या बाजूला कापडगिरण्या आणि कोळशाच्या खाणी. बाईंच्या वडिलांचा तिथे पब होता, पुढे नवऱ्याचा झाला. नवरा वारला तेव्हा परवाना त्याच्या नावावर होता, आणि बाईंना आपल्याच घरातून बाहेर पडावं लागलं. मग इकडे आल्या. साठीकडे झुकलेल्या, केस पांढरे, हात पैलवानासारखे. गिऱ्हाइकाने ऐन वेळी गडबड केली तर त्या त्याला हात लावायच्या नाहीत. नुसत्या त्याच्याजवळ जाऊन उभ्या राहायच्या आणि त्याच्या आईची चौकशी करायच्या. माणूस गपचूप पैसे ठेवून निघायचा. बंद करायची वेळ झाली की पितळी घंटा वाजवून म्हणायच्या, "खलास, जंटलमेन!" एवढं एकच अरबी त्यांना येत होतं.

त्यांनी मला धंदा शिकवला. बिअरच्या पिंपांची बोट मीना सलमान बंदरात लागायची, तिथून पिंपं आमच्या तळघरात. ग्लास तिरका धरायचा, मग हळूच सरळ करायचा. यॉर्कशायरवाल्याला वर दोन बोटं फेस लागतो, तो मलईसारखा दाट हवा. लंडनवाल्याला तोच ग्लास दिला तर तो म्हणतो, "अर्धा रिकामाच दिलास की!" म्हणजे माणूस तोंड उघडतो तेव्हाच तो कुठला ते ओळखायचं आणि मग नळ सोडायचा. पहिल्या आठवड्यात एक धिप्पाड गडी आला आणि मला म्हणाला, "नाउ देन!" आता मग? मला वाटलं, माझं काहीतरी चुकलंय आणि हा जाब विचारतोय. मी सॉरी म्हटलं. दुसऱ्याने ग्लास घेताना "थँक्यू, लव्ह" म्हटलं, तेव्हा तर मी बाईंकडे तक्रार घेऊन गेलो. त्या पोट धरून हसल्या. तिकडे रामरामच तसा घालतात, आणि पुरुष पुरुषालाही लव्ह म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

ज्याने मला "नाउ देन" म्हटलं तो स्टॅन. ज्याने लव्ह म्हटलं तो वॉल्टर.

दोघे एकाच खाणीच्या गावचे, एकाच शाळेतले. पोरवयात दोघेही खाणीत उतरले, पुढे फिटरचं काम शिकून एकत्रच बाहेर पडले, आणि इथे जहाजं दुरुस्त करायच्या गोदीत नोकरीलाही एकत्रच आले. स्टॅन मोठ्या आवाजाचा, वॉल्टर बारीक, खोकणारा. वॉल्टरची बायको वारली होती, गावी एक मुलगा होता, खाणीत. स्टॅनची बायको गावी, त्याचाही मुलगा खाणीत. दर शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, रात्रीच्या जेवणाच्या आधी दोघे यायचे, काउंटरच्या मधोमध बसायचे आणि डॉमिनो खेळायचे. काळ्या सोंगट्या काउंटरवर आपटल्याचा आवाज आला की शुक्रवार आहे हे मला कॅलेंडर न बघता कळे.

यॉर्कशायर मी कधी पाहिलं नाही. पण त्यांच्या गावचा पब मला आमच्या चर्चच्या आवाराइतका माहीत झाला. दगडी बांधणी, धुराने काळी पडलेली. आत ओल्या कुत्र्यांचा आणि लोकरीचा वास. दोन खोल्या: एक साध्या फरशीची, तिथे खाणीतले पुरुष, दुसरी गालिचाची, तिथे शनिवारी बायका नटून बसणार. खाणीतून आलेला माणूस कितीही घासून आंघोळ करून आला तरी पापण्यांच्या कडांना कोळसा राहायचा, काजळ घातल्यासारखा. शेजारी कामगारांचा क्लब, तिथे शनिवारी कोणीतरी गाणारी बाई यायची, मध्येच गाणं थांबवून वाटाण्याची उसळ आणि मांसाचे पाय वाटायचे. पाय म्हणजे पावासारख्या कणकेत भरलेलं मटण, तंगडी नव्हे. हे सगळं स्टॅन ओरडून सांगायचा आणि वॉल्टर मध्ये मध्ये दुरुस्ती करायचा. "ती गाणारी जाडी नव्हती, स्टॅन. कोट जाड होता."

बारमनचं काम म्हणजे ऐकणं. सगळे आपापलं सांगतात. कोणाची बायको सोडून गेली, कोणाला साहेब छळतो, कोणाला गावची थंडी आठवते. तुमचं कोणी विचारत नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकतंय असंही नाही. नळाला कोणी विचारतं का, तुझं पाणी कुठून येतं? मी दिवसभर माणसांत आणि तरी खोलीवर परतलो की असं वाटायचं, आज आपण एक शब्द बोललेलो नाही. दोन वर्षांनी एकदा सुट्टी. घरी गेलो की सवयीने खांद्यावर फडकं टाकून ओटा पुसत उभा राहायचो. रेजिना म्हणायची, "बसा की हो. इथं कोण गिऱ्हाईक येणारे?" बसलो की काय बोलायचं ते सुचायचं नाही. मुली माझ्याकडे पाहुण्याकडे पाहावं तशा पाहायच्या.

वॉल्टर विचारायचा. तोच एक. "तुझ्या धाकटीचं नाव काय, फ्रँक? विहीर किती खोल? केळीला पाणी कोण घालतं आता?" सुट्टीवरून येताना मी त्याच्यासाठी सुकेळी आणायचो, आमची उन्हात वाळवलेली केळी. बिअरबरोबर तो ती चघळत बसे. स्टॅन म्हणे, "जोड्याचं कातडं खातोय." वॉल्टर म्हणे, "तुझ्या बायकोच्या केकपेक्षा मऊ आहे."

चौऱ्याऐंशी साली तिकडच्या कोळसा खाणींत संप झाला. मला वाटलं, आपल्याकडच्या गिरण्यांसारखं काहीतरी असेल, आणि ते तसंच निघालं, लांबतच गेलं. दोघांचे मुलगे संपावर. शुक्रवारी डॉमिनो थांबवून दोघे रेडिओ ऐकायचे. पबमधल्या सगळ्या यॉर्कशायरवाल्यांनी काउंटरवर डबा ठेवला होता, गावच्या पोरांना दूध मिळावं म्हणून. डबा ठेवायची कल्पना वॉल्टरची.

हिवाळा आला. एका शुक्रवारी वॉल्टर नेहमीप्रमाणे आधी आला आणि सोंगट्या मांडून बसला. स्टॅन मागून आला. दारातच थांबला. मग वॉल्टरच्या पाठीमागून चालत काउंटरच्या पार टोकाला गेला आणि मला म्हणाला, "माझा ग्लास इथे दे."

"काय झालं, मिस्टर स्टॅन?"

"त्यालाच विचार. माझ्या बायकोने काल फोन केला. ह्याचा पोरगा पोलिसांच्या बसमध्ये बसून कामावर गेला. खिडकीला जाळ्या लावलेली बस. सगळा गाव रस्त्यावर उभा होता."

वॉल्टरला हे माहीत नसावं असं मला क्षणभर वाटलं. पण तो सोंगट्यांकडे बघत म्हणाला, "पोर आजारी होतं, स्टॅन. त्याचं पोर. घरात कोळसा नाही."

इथे एक गोष्ट सांगायला हवी. खाणकामगाराला घर गरम ठेवायला खाणीचा कोळसा मिळतो. संप असला की तोही बंद. म्हणजे कोळशाच्या गावात, बर्फ पडत असताना, कोळसेवाल्याच्याच घरात चूल थंड.

स्टॅनने मान वळवली नाही. माझ्याशी बोलल्यासारखा म्हणाला, "सगळ्यांचीच पोरं आजारी आहेत."

त्या दिवसापासून तो वॉल्टरशी बोलला नाही. तिकडची रीतच तशी, असं बाकीच्यांनी मला सांगितलं. संप मोडून कामावर गेलेल्याशी आणि त्याच्या घरच्यांशी कोणी बोलत नाही. आज नाही, उद्या नाही, मरेपर्यंत नाही. त्याच्या शेजारी बसून कोणी पीत नाही. हळूहळू बाकीचे यॉर्कशायरवालेही वॉल्टरला टाळू लागले. तो दुसऱ्या टोकाला, शेकोटीच्या लाल बल्बजवळ बसायचा. यायचं सोडलं नाही त्याने. कुठे जाणार? बाकी ठिकाणी त्याच्या भाषेचं कोणी नव्हतं, आणि इथे भाषेचे होते ते बोलत नव्हते.

एकदा स्टॅनने मला बोटाने खूण करून बोलावलं. "मी इथे असताना त्याला बिअर द्यायची नाही."

मी बाईंकडे पाहिलं. त्या ग्लास पुसत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "स्टॅन, मी लहान असताना असाच एक मोठा संप झाला होता. संपवाले एका खोलीत प्यायचे, फुटलेले दुसऱ्या खोलीत. माझे वडील मधल्या बोळात उभे राहून दोन्हीकडे ग्लास पोचवायचे. दोन्हीकडचे त्यांना शिव्या द्यायचे. फ्रँक दोन्हीकडे देणार. पटत नसेल तर दरवाजा तिकडे आहे."

स्टॅन गेला नाही. त्यालाही दुसरी जागा नव्हती.

संप वर्षभराने मोडला. खाणकामगार बँड वाजवत कामावर परत गेले म्हणे, हरलेले, पण वाजवत. मला वाटलं, आता हे दोघे बोलतील. दोघांचे मुलगे पुन्हा एकाच खाणीत उतरत होते. पण तिकडेही वॉल्टरच्या पोराच्या डब्याशेजारी कोणी डबा उघडत नव्हतं, आणि इकडे काउंटरची दोन टोकं तशीच राहिली. मी मध्ये. ह्याला ग्लास, त्याला ग्लास. कधी वॉल्टर हळूच विचारायचा, "त्याचा गुडघा कसा आहे?" मी पलीकडे जाऊन विचारायचो, "गुडघा कसा आहे?" स्टॅनला कळायचं, कोण विचारतंय. म्हणायचा, "आहे."

पुढल्या उन्हाळ्यात वॉल्टर यायचा बंद झाला. मला वाटलं, सुट्टीवर गेला असेल, पण मला न सांगता जाणं त्याच्या स्वभावात नव्हतं. रविवारी मिस्सा संपल्यावर चर्चच्या पायऱ्यांवर सिसिलिया भेटली. आमच्याच वसईची, मनामातल्या एका इस्पितळात नर्स. म्हणाली, "फ्रान्सिसदादा, तुमच्या पबमधला एक म्हातारा इंग्रज आमच्या वॉर्डात आहे. छातीचं आहे. खाणीची धूळ भरलीय फुप्फुसांत, त्यात न्यूमोनिया. कंपनीचा माणूस एकदा येऊन गेला. बाकी कोणी नाही. तुमचं नाव घेतो."

मी संध्याकाळी गेलो. वॉल्टर उशांना टेकून बसला होता, नाकात ऑक्सिजनची नळी. मला बघून हसला. "धाकटी कशी आहे?" एवढं विचारायलाही त्याला दोनदा थांबावं लागलं. मुलाला कळवलं होतं. पण त्याच्याकडे पासपोर्ट नव्हता, तो काढून येईपर्यंत काय होईल ते डॉक्टर सांगत नव्हते. मी रोज ड्यूटीच्या आधी जाऊ लागलो. बाईही येऊन गेल्या. वॉल्टरने स्टॅनचं नाव काढलं नाही, पण दार वाजलं की त्याचे डोळे तिकडे जायचे.

शेवटी मी दुपारी स्टॅनच्या खोलीवर गेलो. गिऱ्हाइकाच्या घरी मी कधी गेलो नव्हतो. तो आमच्यातला न लिहिलेला नियम होता. स्टॅन बनियनवर दारात उभा राहिला, मला आत घेतलं नाही.

"मिस्टर स्टॅन, वॉल्टर फार आजारी आहे."

"कोण?"

"वॉल्टर."

"ह्या नावाचा कोणी माझ्या ओळखीचा नाही."

"सर, थोडेच दिवस आहेत. तुम्ही नुसते येऊन बसा. बोलू नका."

त्याने दार अर्धं लोटलं. चेहरा लाल झाला होता, रागाने की कशाने ते मला कळलं नाही. म्हणाला, "फ्रँक, तू चांगला माणूस आहेस. पण तू तिथला नाहीस." आणि दार लावून घेतलं.

तो शुक्रवार होता. तिथून मी सरळ इस्पितळात गेलो. ताप चढला होता. सिसिलिया त्याच्या कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. मला बघून तिने मान हलवली, म्हणजे मी काय ते समजलो. पडदे ओढलेले, खोलीत अर्धा उजेड. मी खुर्ची ओढली, त्या आवाजाने वॉल्टरने डोळे उघडले. पण ते माझ्यावर ठरत नव्हते.

"स्टॅन?" तो म्हणाला. "आलास?"

मी सिसिलियाकडे पाहिलं. तिने पट्टी हातात तशीच धरली होती.

इतकी वर्षं त्या लोकांत राहून माझी इंग्रजी त्यांच्यासारखीच झाली होती. सुट्टीवर गेलो की आमच्या शाळेच्या सिस्टर म्हणायच्या, काय रे हे उच्चार. एरवी मी कामावर ती जपून बोलायचो, प्रत्येक वाक्याला सर लावायचो. त्या दिवशी मी घसा खाकरला, आवाज खाली नेला आणि सर गाळला.

"आलो रे," मी म्हणालो.

"पोर आजारी होतं, स्टॅन."

"ठाऊक आहे मला."

"घरात कोळसा नव्हता."

"ठाऊक आहे. मी असतो तर मीही तेच केलं असतं."

त्याने हात चाचपडत पुढे केला. मी धरला. फिटरचा हात, बोटं जाड, नखं काळी. मग त्याने त्यांच्या गावच्या कुठल्याशा टेकडीचं नाव घेतलं, तिथे ते लहानपणी काहीतरी चोरायला गेले होते बहुतेक, आणि तो हसला. मला त्यातलं काही माहीत नव्हतं. मीही हसलो. त्याला झोप लागेपर्यंत हात सोडला नाही. पहाटे तो गेला, असं सिसिलियाने फोन करून सांगितलं.

मुलाने इथेच माती द्या म्हणून कळवलं. गावात नेलं तर मागून कोण चालणार, असं तो फोनवर बाईंना म्हणाला. मनामातल्या ख्रिस्ती दफनभूमीत बाई, मी, सिसिलिया आणि कंपनीचा माणूस एवढेच होतो. पाद्री घाईत होते, ऊन मी म्हणत होतं. खड्ड्यात मूठभर वाळू टाकली. तिथली माती म्हणजे वाळूच. बाई आपल्या भाषेत काहीतरी पुटपुटल्या आणि तडक पबमध्ये जाऊन त्यांनी दार उघडलं. मला म्हणाल्या, "आज सुट्टी घ्यायची तर घे." मी घेतली नाही. खोलीवर जाऊन काय करायचं होतं?

पुढच्या शुक्रवारी स्टॅन आला. पबमध्ये दुसरं कोणी नव्हतं. तो आपल्या टोकाला बसला. मी ग्लास दिला, वर दोन बोटं फेस ठेवून. त्याने तो हातात घेतला नाही. फेस खाली बसला, बिअरचे बुडबुडे विरले, तरी तो तसाच.

मग ग्लास बाजूला सारून म्हणाला, "तू होतास तिथे?"

"हो सर. आदल्या दिवशी होतो."

"माझं नाव घेतलं त्याने?"

खोटं सांगता आलं असतं. मी जे झालं ते सांगितलं. त्याने काय विचारलं, मी कोण झालो, काय उत्तर दिलं, सगळं. सांगताना माझी मान खाली होती. वाटलं, हा आता ग्लास भिंतीवर फेकणार, बाईंना बोलावणार, माझी नोकरी जाणार.

"कसं म्हणालास?" स्टॅनने विचारलं. "जसं म्हणालास तसं म्हण."

मी मान वर केली आणि त्याच्याच आवाजात ते वाक्य त्याला म्हणून दाखवलं. मी असतो तर मीही तेच केलं असतं.

तो ऐकत राहिला. ओठ हलले, जणू शब्द तोंडात घालून बघतोय. मग त्याने दोन्ही तळहात काउंटरवर पसरून ठेवले.

"मी तसं म्हणालो नसतो, फ्रँक," तो म्हणाला. "बरं झालं, तू गेलास."